काट्यावरचा जड हात

परवा सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर काळे ठिपके दिसले आणि मी कपाळाला हात लावला. आली काजळी. म्हणजे बॉयलर पेटला, म्हणजे हंगाम सुरू झाला, म्हणजे आता उन्हाळा लागेपर्यंत आपलं काही खरं नाही. आमच्या भागात थंडी आल्याचं अंगाला कळायच्या आधी कपड्यांना कळतं. मी ओढणी झटकली आणि ठिपके पसरले. काजळी झटकायची नसते, हलकी फुंकर मारायची असते. इतकी वर्षं दौंडात काढून हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी दरवर्षी पहिल्या दिवशी हात आधी झटकतोच. सवय म्हणजे काय चीज आहे!

मी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. कारखान्याचं नाव कशाला सांगू? भीमेच्या या काठाला दौंड, त्या काठाला शिरूर, आणि धुराडं दिसणार नाही अशी जागा शोधावीच लागेल. माझं माहेर मांडवगण फराट्याचं. लहानपणी उसाच्या गाड्या वस्तीवरून जायच्या, आम्ही मागून कांडी ओढायचो आणि गाडीवान वळून शिव्या घालायचा. आता त्याच गाड्या माझ्या खिडकीसमोरून जातात आणि मी मान वर करत नाही. स्कूटर लावली की आधी मळीचा आंबूस वास नाकात बसतो, मग पाचटाचा, मग कॅन्टीनच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा. आठवड्याभरात तिन्ही वास येईनासे होतात. थकव्याचंही तसंच होतं. सुरुवातीला कळतो, मग तो अंगावरच्या कपड्यासारखा होऊन जातो. घरी विचारतात, "खुर्चीत बसून कसला गं थकवा येतो तुला?" आता काय सांगायचं? आकड्यांकडे बघून येतो.

कसले आकडे, ते सांगते. आमच्या सर्व्हर रूममध्ये एकच मोठं यंत्र आहे. त्याच्या पोटात मात्र बरेच कॉम्प्युटर राहतात. ते हातात धरता येत नाहीत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक वजनकाट्याचं, एक हिशेब खात्याचं, एक प्रयोगशाळेचं, एक शेती खात्याचं. एकत्र कुटुंबात चूल एकच असावी, जावा पुष्कळ असाव्यात, आणि प्रत्येकीला वाटावं की चूल माझी एकटीचीच आहे, तसा प्रकार. या मशीनांचं कसं चाललंय हे बघायला एक साधा प्रोग्राम असतो. काळा पडदा, त्यावर त्याचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचं. चित्र नाही, रंग नाही. पांढऱ्या आकड्यांच्या ओळी येतात आणि दर काही सेकंदांनी बदलत राहतात. कोण किती काम करतंय, कोणाला किती मेमरी लागतेय, कोण थांबलंय. हंगामात मी दिवसभर त्यांच्यासमोर असते. जेवताना डबा उघडला तरी ते आकडे भाजीवर हलत असल्यासारखे वाटतात.

दसऱ्याला कारखान्यात ऊस जिथून आत सरकतो त्या गव्हाणीची पूजा होते, काट्याची होते, तशी या यंत्राचीही होते. हळदकुंकवाची बोटं, उदबत्ती आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा भलामोठा हार. मी दरवर्षी ओरडते, "अहो, जाळीवर नका घालू, हवा अडते!" दरवर्षी घालतात. ज्या हंगामाची ही गोष्ट, त्या हंगामातही घातला होता. काटा अडतोय अशी पहिली तक्रार आली तेव्हा मी धावत जाऊन आधी तो हार ओढून काढला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता बघा, पळेल. कसचं काय! हाराचा काही संबंधच नव्हता.

त्या हंगामाला तशी बरीच वर्षं झालेली नाहीत. पण काजळी पडली की मला तोच आठवतो, बाकीचे सगळे एकमेकांत मिसळून गेलेत.

काट्यावर तेव्हा निसारमामा बसायचे. पाटसचे. उंच, वाकलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली, आणि कानात अत्तराचा फाया. मळीच्या त्या सगळ्या वासात काट्याच्या केबिनमध्ये तेवढा एक वेगळा वास असायचा. मी दारात दिसले की तेच आधी म्हणायचे, "जयभीम, पोरी," आणि मी म्हणायचे, "सलाम, मामा." भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की केबिनची काच थरथरायची, टेबलावरच्या चहावरची साय हलायची. मामा गाडीचा नंबर टाकायचे, वजन स्थिर झालं की बटण दाबायचे, पावती बाहेर यायची. गाडी पुढे गव्हाणीकडे. पूर्वी हे असं चालायचं की ड्रायव्हरला बिडी काढायला सवड मिळत नसे.

त्या वर्षी सवड मिळायला लागली. मामा बटण दाबायचे आणि पडदा तसाच. मग परत दाबायचे. मग चष्मा वर करून बघायचे. एवढ्यात दोन्ही वेळचं दाबणं एकदम लागू व्हायचं आणि दोन पावत्या यायच्या. मग एक रद्द करा, त्यात आणखी वेळ. मागे रांग गाडीतळ भरून रस्त्यावर. ट्रॅक्टरवाले हॉर्न मारायचे. बैलगाड्यांचे बैल जू मानेवर घेऊन उभे, तोंडाला फेस. ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणायचे, "आवं मामा, झोपला काय? दाबा की!"

"दाबलंया बाबा."

"मग हालंना का? तुमचा हात चालंना झालाय!"

पहिले काही दिवस मामा हसायचे. "म्हातारा झालो रं," म्हणायचे. चेष्टाच होती ती. पण रोज, दर गाडीला, एकच चेष्टा होत राहिली की माणूस ती ऐकता ऐकता खरी धरायला लागतो. निवृत्ती जवळ आली होती. उरलेले हंगाम त्याच खुर्चीत काढायचे, काट्यावरचा माणूस म्हणूनच घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पाटसच्या बाजारात त्यांना कोणी आडनावाने ओळखत नसे, 'काट्यावाले मामा' म्हणत. आता तीच गोष्ट हातातून निसटत होती आणि दोष आपल्याच हाताचा आहे असं त्यांना वाटत होतं.

एकदा मी केबिनमध्ये गेले तर ते टेबलाखाली हात धरून रबराचा चेंडू दाबत होते. मला बघून चेंडू खिशात टाकला.

"हे काय, मामा?"

"दौंडच्या डॉक्टरकडं गेलतो. त्यो म्हनतोय, नस दबली आसंल, नायतर साखरंमुळं आसंल. बोटांचा व्यायाम सांगितलाय." मग हळूच म्हणाले, "सकाळी बरा आसतो गं हात. मोकळा आसतो. आफिसं उघडली की जड व्हतो."

मला इतका राग आला. कोणाचा ते कळेना, पण आला. चांगला धडधाकट माणूस टेबलाखाली चेंडू दाबतोय!

आमचे मुख्य शेती अधिकारी घाडगेसाहेब वाईट माणूस नव्हते. पण गाडीतळावरची रांग त्यांच्या अंगावर यायची. संचालक त्यांना विचारायचे, ते मला विचारायचे. मी म्हणायचे, "साहेब, मला मशीनचाच संशय आहे." ते पाहुण्यांच्या हॉलमधल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीकडे बोट करायचे. तिथे सगळ्या मशीनांचे रंगीत गोल दिसतात. "बघा की, मॅडम. काट्याचं मशीन हिरवंगार आहे. लोडच नाही त्याच्यावर. निवांत बसलंय. मशीन निवांत, मग अडतंय कोण? माणूसच ना?" आणि ते खरं होतं. गोल हिरवाच होता. लोड नव्हताच.

पण 'आफिसं उघडली की हात जड व्हतो' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आता नसेला कसं कळणार, की ऑफिसं उघडली?

मग एक दिवस सरळ लॅपटॉप घेऊन मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. काळा पडदा उघडला. सकाळ होती, धुक्यात ट्रॅक्टरचे दिवे पिवळे दिसत होते. मामा दाबतायत, पावती येतेय. दाबतायत, येतेय. पडद्यावर काट्याच्या ओळीतले आकडे शांत. ऊन चढलं, ऑफिसच्या लोकांच्या गाड्या आत यायला लागल्या, आणि त्या ओळीतला एक आकडा उठायला लागला. त्या रकान्याचं नाव 'रेडी'. मशीन कामाला तयार उभं आहे, पण त्याची पाळी येत नाही, असा जो वेळ जातो तो या रकान्यात दिसतो. भिंतीवरच्या रंगीत गोलांत हा रकाना नाहीच. मामांनी बटण दाबलं. आकडा वर गेला. पडदा तसाच. मामा दुसऱ्यांदा दाबायला बोट उचलणार, तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, मामा."

आम्ही दोघं थांबलो. बाहेर हॉर्न. मग पावती आली, आपली आपण, पहिल्याच दाबण्याची.

ते मशीन निवांत बसलेलं नव्हतं. ताट घेऊन उभं होतं, आणि त्याला कोणी वाढत नव्हतं. जेवतच नाही म्हटल्यावर लोड दिसणार कुठून?

मग जेवत कोण होतं? पडद्यावर सगळ्यात वरच्या ओळीत बघितलं तर हॉलच्या टीव्हीचं मशीन. त्याला सगळ्यात जास्त प्रोसेसर, सगळ्यात वरचा मान. काम काय, तर ऑफिस उघडल्यापासून पाहुण्यांसाठी रंगीत गोल आणि कॅमेऱ्यांची चित्रं दाखवायची. मी जुन्या लोकांना विचारत सुटले. गोष्ट अशी निघाली की मी नोकरीला लागायच्या आधी, हे यंत्र बसवलं तेव्हा, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मीटिंगमध्ये विचारलं होतं, कोणतं मशीन महत्त्वाचं? झालं! प्रत्येक खातेप्रमुख म्हणाला, माझं. हिशेबाला वरचा मान दिला म्हटल्यावर प्रयोगशाळा कशी खाली बसेल? आणि हॉलचं तर अध्यक्षसाहेबांचं म्हणून ओळखलं जायचं, त्याला लहान ताट कसं वाढायचं? लग्नातल्या आहेरासारखं सगळ्यांचं मानपान झालं. काट्याचे लोक मीटिंगला बसत नाहीत. त्यामुळे काटा राहिला पंगतीच्या शेवटाला. गाड्या कमी होत्या तोवर निभावलं. त्या वर्षी ऊस जास्त आला, हॉलमध्ये नवे कॅमेरे जोडले, आणि सगळा ताण येऊन बसला एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटावर.

पंगतीत शेवटी बसणं म्हणजे काय ते मला शिकवायला लागत नाही. माझे वडील गावच्या कार्यात ताट हातात धरून किती वेळ उभे राहायचे ते मी लहानपणी बघितलंय. लोक म्हणायचे, हा काय, निवांत उभा आहे. म्हणून असेल, पण तो आकडा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांना वाटलं, धूर गेला.

आता बदल करायचा तर परवानगी हवी. अध्यक्षांच्या मशीनचे प्रोसेसर काढायचे म्हणजे काय सोपं काम आहे? अर्ज इकडून तिकडे. अमुक साहेब मुंबईला, तमुक साहेब लग्नाला. मी आपली रोज जाऊन दारात उभी. शेवटी घाडगेसाहेब वैतागून म्हणाले, "करा काय करायचंय ते, फक्त टीव्ही बंद पडता कामा नये." मी धावत सर्व्हर रूममध्ये आले, काट्याला वर घेतलं, हॉलच्या मशीनची चरबी उतरवली, आणि काळ्या पडद्यावर तो रकाना खाली खाली येताना बघितला. इतकं बरं वाटलं! तशीच काट्यावर पळाले.

खुर्चीत मामा नव्हते. खरेदी खात्यातला संदीप बसला होता.

"मामा कुठायत?"

"त्यांनीच सकाळी लिहून दिलं, मॅडम. हात चालंना म्हणाले, मला नंबरच्या गेटवर टाका." संदीपने बटण दाबलं. पावती आली. पुढची गाडी. दाबलं, आली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ह्याला म्हंत्यात हात! आता कशी पळायला लागली लाईन!" मागचे हसले. घाडगेसाहेबही आले, कौतुकाने बघत राहिले, म्हणाले, "बघा मॅडम. माणूस बदलला आन् झालं."

घ्या! इतकी मरमर करून मी निसारमामांच्याच विरुद्ध पुरावा तयार करून ठेवला होता.

मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "असेल, असेल." मी गेटवर गेले. मामा गाड्यांना नंबराचे बिल्ले देत उभे होते, रांग पुढे सरकताना बघत होते. मी सगळं सांगितलं. चूल, ताट, मानपान, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या समाधानासाठी सांगतीस पोरी. आगं, ही लाईन दिसती की मला. माझाच हात व्हता." आणि उजवा हात डाव्या हाताने झाकून घेतला.

मी थकले होते. खरंच सांगते, त्या क्षणी वाटलं की जाऊ दे. काटा चालतोय, बैल थांबत नाहीत, आणखी काय पाहिजे? घरी जाऊन पडावं. पण तो झाकलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी मी घाडगेसाहेबांना काट्यावर घेऊन आले आणि मामांना गेटवरून ओढत आणलं. "आता मी काही बोलणार नाही," म्हटलं. "तुम्ही संदीपचा हात बघा." आणि लॅपटॉपवरून जुनी व्यवस्था परत लावली. सगळ्यांचा मान जसा होता तसा. हॉलचा टीव्ही वर, काटा खाली.

गाडी चढली. संदीपने बटण दाबलं. पडदा तसाच. त्याने परत दाबलं. चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक केले. पुढची गाडी, तेच. मागून हॉर्न सुरू झाले. कालचाच ड्रायव्हर खिडकीशी आला आणि संदीपला म्हणाला, "झोपला काय रं? दाब की!"

"दाबलंय ना!" संदीप चिडला. त्याचे कान लाल झाले होते.

एका बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. घाडगेसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मी नवी व्यवस्था लावली आणि अडकलेली पावती बाहेर आली. मामा त्या पावतीकडे बघत होते.

"म्हंजी डॉक्टरकडं उगाच गेलो," ते म्हणाले.

साहेब म्हणाले, "मामा, चुकलं आमचं. बसा तुमच्या जागेवर." संदीप आधीच उठून उभा राहिला होता.

मामा बसले. हंगाम तिथेच काढला, पुढचेही काढले, आणि काट्यावरचा माणूस म्हणूनच घरी गेले. हंगामातली शेवटची गाडी फुलांनी सजवून आणतात, ती त्यांच्याच हातून वजन होऊन आत गेली. गुलाल उडाला, त्यांच्या पांढऱ्या दाढीत अडकला. मी टाळ्या वाजवत होते. आणि तेव्हाच मला दिसलं की मामांनी बटण दाबलं, पावती आली, तरी त्यांचं बोट दुसऱ्यांदा दाबायला वर उचललेलं होतं आणि तसंच हवेत थांबलं होतं.

आता यंदाचा हंगाम. नवं यंत्र येणार आहे, परवा मीटिंग झाली. प्रत्येक खात्याने आपलं मशीन किती महत्त्वाचं ते परत सांगितलं. मी मान डोलावली, सगळं लिहून घेतलं. काट्याला किती द्यायचं ते मात्र त्यांच्या आधीच लिहून ठेवलं होतं. भांडायची ताकद आता पूर्वीसारखी राहिली नाही, म्हणून भांडण व्हायच्या आधीच काम उरकते.

मीटिंगनंतरच्या रविवारी मी गादीवर आडवी होते. दुपार होती, अंग ठणकत होतं. दाराची बेल वाजली. उठते न उठते तोच परत वाजली. मग दारामागून आवाज आला, "सुजाता, बेल वाजली का गं?"

दार उघडलं. निसारमामा. हातात पिशवी, पिशवीत पाटसची सीताफळं, कानात फाया. एक बोट अजून बेलपाशीच होतं.

"वाजली, मामा," मी म्हटलं. "पहिल्यालाच वाजली."

"व्हय का?" ते म्हणाले, आणि बोटाकडे बघत आत आले.